कॅशबॅकच्या कार्डाचा घरगुती हिशोब



घटस्थापना जवळ आली की ऑनलाइन दुकानांचे सेल सुरू होतात आणि त्याच सुमारास फोनही येऊ लागतात. "सर, तुमच्या नावाने कॅशबॅक क्रेडिट कार्ड मंजूर झालंय, प्रत्येक ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के परत!" ज्या घरात आठवड्यातून दोन-तीनदा कुरिअरवाला बेल वाजवतो, त्या घराला हे बोलणं पटतं. किराणा, औषधं, मुलांचे बूट, मिक्सरचं भांडं, सगळं मोबाइलवरूनच मागवायचं आहे, तर शंभरामागे पाच रुपये का सोडायचे? प्रश्न अगदी रास्त आहे. असं कार्ड घ्यायला माझी हरकत नाही. माझा आग्रह एवढाच की जाहिरातीतला टक्का बाजूला ठेवून आपल्या घरच्या खर्चावर ते कार्ड वर्षाला किती रुपये देईल, हे आधी कागदावर काढावं. बँकेत नोकरीची सारी वर्षं काढलेला माणूस म्हणून हे पोटतिडकीने सांगतो आहे.

नमुन्यादाखल एक कार्ड घेऊ. शिफारस म्हणून घेत नाही, त्याच्या अटी समजायला सोप्या आहेत म्हणून घेतो. एसबीआय कार्ड या कंपनीने २०२२ साली एक कॅशबॅक कार्ड आणलं. वेबसाइट कोणतीही असो, ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के. दुकानात जाऊन केलेल्या खरेदीवर १ टक्का. वार्षिक शुल्क ९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ११७९ रुपये. वर्षभरात दोन लाखांचा खर्च झाला तर शुल्क माफ. आता पहिला हिशोब इथेच करा. ११७९ रुपये पाच टक्क्यांनी वसूल व्हायला साधारण साडेतेवीस हजारांची खरेदी लागते. तेवढ्या खरेदीपर्यंत तुमच्या हातात एक पैसाही पडत नाही; तुम्ही भरलेलं शुल्कच परत येत असतं.

आणि ही खरेदी कोणतीही चालत नाही. 'ऑनलाइन' म्हटलं की आपण वीजबिल, विम्याचा हप्ता, शाळेची फी, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे सगळं त्यात धरतो. अशा बहुतेक कार्डांवर या गोष्टींना कॅशबॅक नसतो. प्रत्येक दुकानाला, प्रत्येक वेबसाइटला कार्डाच्या व्यवस्थेत चार आकडी कोड दिलेला असतो. मर्चंट कॅटेगरी कोड म्हणतात त्याला. तुम्ही काय विकत घेतलं हे बँकेच्या संगणकाला दिसत नाही, त्याला तो कोड दिसतो. कोड वगळलेल्या यादीत असला की कॅशबॅक शून्य.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, तिचं पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, पाच टक्के म्हणाले होते ना? मग पंचवीस हजारांवर इतकेच कसे?" आम्ही पेन घेऊन एकेक ओळ तपासली. किराणा १२४० रुपये, त्यावर ६२ रुपये जमा. वॉलेटमध्ये ५००० भरले, शून्य. धाकट्या भावाच्या कॉलेजची फी १८,००० रुपये, शून्य. कुर्ता १५०० रुपयांचा, त्यावर ७५ जमा आणि चार ओळी खाली तेच ७५ वजा, कारण कुर्ता मापात बसला नाही म्हणून तिने परत पाठवला होता. बँकेने तिला फसवलं नव्हतं. हे सगळं अटींच्या पत्रकात छापलेलं होतं. पण फोनवरच्या माणसाने त्यातलं एकही वाक्य उच्चारलं नव्हतं, आणि याचा मला राग येतो. विकणाऱ्याने अपवाद आधी सांगायला हवेत.

आता एका मध्यमवर्गीय घराचा वर्षाचा हिशोब मांडू. आकडे गृहीत आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, मोबाइलवरून वर्षभरात १,४०,००० रुपये गेले. त्यातले ४५,००० वीज, विमा आणि फीचे. २०,००० हप्त्याने घेतलेल्या फोनचे, ज्यावर सहसा कॅशबॅक नसतो. ५,००० परत केलेल्या मालाचे. उरले ७०,०००. त्यावर ५ टक्के म्हणजे ३५०० रुपये. खर्च दोन लाखांच्या आत आहे, म्हणजे शुल्क माफ नाही. ११७९ वजा केले की हातात २३२१. एक लाख चाळीस हजारांवर तेवीसशे म्हणजे पावणेदोन टक्केही नाहीत. पाच टक्क्यांचं कार्ड या घरासाठी इतकंच आहे.

याच्या शेजारी दुसऱ्या जातीचं कार्ड ठेवून बघू. एखाद्या ऑनलाइन दुकानाच्या नावाने बँक जे कार्ड काढते, त्याला को-ब्रँडेड कार्ड म्हणतात. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय हे २०१८ साली आलेलं कार्ड त्यातलंच. त्याला वार्षिक शुल्क नाही. ॲमेझॉनवर, प्राइमचे सभासद असाल तर ५ टक्के, नसाल तर ३ टक्के आणि इतर बहुतेक ठिकाणी १ टक्का. आपल्या त्या घराने सत्तरपैकी तीस हजार तिथे खर्च केले आणि चाळीस हजार इतरत्र, असं धरा. घर आधीपासून प्राइमचं सभासद असेल तर १५०० आणि ४०० मिळून १९०० रुपये. शुल्काचं कार्ड तेवीसशे एकवीस देत होतं. फरक चारशे एकवीस रुपयांचा. मात्र केवळ कार्डाचे पाच टक्के मिळावेत म्हणून प्राइमचे १४९९ रुपये भरत असाल, तर हा सगळा हिशोब उलटतो. तीस हजारांवर तिनाचे पाच झाले म्हणून वाढतात फक्त ६०० रुपये.

म्हणून सर्वांत चांगलं कार्ड कोणतं, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. खरेदी पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली असेल आणि वर्षाला दोन लाखांच्या पुढे जात असेल, तर शुल्काचं कार्ड. खरेदी एकाच दुकानात होत असेल तर त्या दुकानाचं बिनशुल्काचं कार्ड. दरमहा किती कॅशबॅक मिळू शकतो याची कमाल मर्यादाही बघा. मघाच्या एसबीआयच्या कार्डावर सुरुवातीला दर बिलामागे १०,००० रुपयांपर्यंत कॅशबॅक मिळत असे. मे २०२३ पासून ती मर्यादा ५,००० झाली. अटी बदलण्याचा हक्क बँका राखून ठेवतात. तेव्हा मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या अटींवर किंवा मी आज दिलेल्या आकड्यांवर विसंबून अर्ज करू नका. अर्जाच्या दिवशीचं पत्रक वाचा.

हे सारं झालं पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्यांसाठी. एक महिना चुकला की काय होतं, ते नीट ऐका. समजा, तुम्ही ५ तारखेला २०,००० रुपयांची खरेदी केली. त्यावर हजार रुपये कॅशबॅक. बिल २० तारखेला निघालं आणि भरण्याची शेवटची तारीख आली पुढच्या महिन्याची १०. बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रक्कम, दुसरा 'मिनिमम ड्यू', साधारण पाच टक्के. तुम्ही तो लहान आकडा, हजार रुपये भरलात आणि वाटलं, दंड टळला. दंड टळला खरा, पण उरलेल्या १९,००० रुपयांवर व्याज लागतं, आणि तेही शेवटच्या तारखेपासून नव्हे, खरेदीच्या तारखेपासून. महिन्याला साडेतीन टक्के धरा, म्हणजे वर्षाला बेचाळीस. पुढचं बिल निघेपर्यंत पंचेचाळीस दिवस होतात. व्याज ९८४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १७७. एकूण ११६१ रुपये. हजाराचा कॅशबॅक एका बिलात गेला आणि वर दीडशे रुपये खिशातून गेले. शिवाय थकबाकी आहे तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या साबणाच्या वडीवरही आजपासून व्याज.

या व्याजाला कायद्याने कमाल मर्यादा असेल, असं अनेकांना वाटतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला, त्यामुळे ती मर्यादा उरली नाही.

कॅशबॅकचा पैसा येतो कुठून, हेही या व्याजावरून समजतं. प्रत्येक कार्ड व्यवहारावर दुकानदार बँकेला साधारण दोन टक्क्यांच्या आसपास रक्कम देतो. मग पाच टक्के परत कसे देता येतात? काही भार दुकान उचलतं, काही शुल्कातून भरून निघतो, आणि मोठा आधार असतो तो थकबाकीवरच्या व्याजाचा. वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्या घराचा कॅशबॅक काही अंशी अडचणीत सापडलेल्या दुसऱ्या घराच्या व्याजातून येतो. हे मला अस्वस्थ करतं, पण व्यवस्था अशी आहे, आणि त्यात आपण कोणत्या बाजूला आहोत हे प्रत्येकाने ओळखावं.

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल थोडं सांगतो, कारण सेलमध्ये सगळ्यात जास्त तेच खपतं. शून्य टक्के व्याजाच्या नावाखाली व्याज लपवणाऱ्या योजनांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच मनाई केली. त्यामुळे आता व्याज लावलं जातं आणि तेवढीच सूट वस्तूच्या किमतीत दिली जाते. तीस हजारांचा फोन सहा हप्त्यांत, व्याज १६ टक्के धरलं तर ते होतं साधारण १३५० रुपये. ती सूट मिळाली, ठीक. पण त्या व्याजावरचा जीएसटी सुमारे २४३ रुपये तुम्हीच भरता. प्रोसेसिंग फी १९९ रुपये आणि तिचा जीएसटी धरून २३५. झाले ४७८. आणि हप्त्याच्या खरेदीवर कॅशबॅक नसेल तर दीड हजारांवर पाणी सोडलंत ते वेगळंच. पैसे हाताशी असतील तर एकरकमी घ्या.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. कार्ड हातात आलं की खर्च वाढतो. अमेरिकेत एमआयटी या संस्थेतल्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांसमोर बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव मांडला. अर्ध्यांना सांगितलं, पैसे रोख द्यायचे. अर्ध्यांना सांगितलं, क्रेडिट कार्डाने द्यायचे. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. तिकीट तेच, माणसं सारखीच. घरचा ऑनलाइन खर्च कार्डामुळे दहा टक्क्यांनी जरी फुगला, तरी पाच टक्क्यांचा लाभ कुठल्या कुठे जातो. म्हणून कार्ड घेतल्यावर पहिले तीन महिने आधीच्या तीन महिन्यांचा खर्च शेजारी लिहून बघा. आकडा वाढलेला दिसला तर ते कार्ड तुम्हाला महाग पडतं आहे, कॅशबॅक कितीही जमा होवो.

थोडे तुमच्या हक्काचे नियम. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाबद्दलचे निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले. न मागता कार्ड पाठवणं त्यात निषिद्ध आहे. असं कार्ड पाठवून बिल लावलं तर ते रद्द करून दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते. शुल्कात बदल करायचा तर किमान एक महिन्याची पूर्वसूचना हवी, आणि बदल मान्य नसेल तर थकबाकी चुकती करून जादा आकार न भरता कार्ड परत करता येतं. कार्ड बंद करायचा अर्ज दिल्यावर, थकबाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. उशीर झाला तर बँकेने दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे. बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कार्डावरून कुणी परस्पर पैसे काढले तर आधी बँकेला कळवा आणि लगेच सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. दोष तुमचा किंवा बँकेचा नसताना बाहेरच्या कुणी पैसे लाटले आणि तुम्ही बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भार येत नाही.

कार्ड घेतलंत तर पहिल्याच दिवशी एक काम करा. बचत खात्यातून ऑटो-डेबिट लावा, आणि ते लावताना 'मिनिमम ड्यू' सोडून 'टोटल अमाउंट ड्यू' हा पर्याय निवडा.

आणि ज्यांच्या कुठल्याही कार्डावर आज थकबाकी आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. या सेलमध्ये कॅशबॅकचं नवं कार्ड घेऊ नका. आधी आपल्या पगारदार पतसंस्थेत किंवा बँकेत जाऊन वैयक्तिक कर्जाचा दर विचारा. तो बेचाळीस टक्क्यांच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. त्या कर्जातून कार्डाची थकबाकी एकरकमी फेडा, आणि कर्जाचे हप्ते संपेपर्यंत खरेदी डेबिट कार्डावर किंवा यूपीआयवर करा.