स्वयंपाकघराची वायर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



वीजबिलावर आपण दर बैठकीत बोलतो. आज वीज घरात शिरल्यावर पुढे काय होतं, त्यावर बोलू.

विहिरीवर मोटार बसवताना आपण किती चौकस असतो! हॉर्सपॉवर किती, पेटीपासून अंतर किती, केबल किती एमएमची, सगळं विचारून घेतो. कारण बारीक केबल टाकून एकदा मोटार जाळलेली असते. तेच आपण विजेची शेगडी घरी आणतो आणि दिव्याच्या बोर्डात पिन खुपसतो.

आमच्या घरीही हेच झालं. सहा अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून आम्ही शेगडी चालू केली. आठवड्यात आमटीच्या वासात जळक्या प्लॅस्टिकचा वास मिसळू लागला. घरातल्या बाईनं तो आधी ओळखला. आम्ही म्हणालो, नवी वस्तू आहे, येणारच वास. सॉकेट काळं पडलं तेव्हा डोळे उघडले. थोडक्यात निभावलं, म्हणून आज तुमच्यासमोर बोलतो आहोत.

हिशेब अवघड नाही. वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. त्यांना २३० व्होल्टनं भागा, अँपिअर निघतात. २००० वॅटच्या शेगडीला जवळजवळ ९ अँपिअर लागतात. १५०० वॅटच्या पाणी तापवायच्या रॉडला साडेसहा, ५०० वॅटच्या मिक्सरला दोनच्या वर. सकाळच्या घाईत तिन्ही एकाच लायनीवर चालली, की झाले साडेसतरा!

आता वायर. दोन इंची पाइपातून तीन इंचीचं पाणी रेटलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. तारेचं तसंच, पण तिथे दाब उष्णता होऊन बाहेर पडतो. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. तेवढ्याच करंटला एक एमएमच्या तारेत अडीच एमएमच्या अडीचपट उष्णता तयार होते. ती भिंतीतल्या नळीत कोंडते, वरचं आवरण कडक होतं, तडकतं, आणि मग ठिणगी.

म्हणून शेगडीसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाईन ओढा. तांब्याची अडीच एमएमची वायर, सोळा अँपिअरचं सॉकेट आणि सोळाचीच एमसीबी. रॉडला किंवा गिझरला दुसरी लाईन. अंतर फार लांब असेल किंवा एका नळीत बऱ्याच वायरी असतील, तर चार एमएम घ्या. ॲल्युमिनियम तांब्याइतका करंट वाहत नाही; तीच जाडी चालणार नाही. वायरीवर आयएसआयचा शिक्का पाहा.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधा. एमसीबी किंवा फ्यूज ही वायरीची राखणदार आहे. ती वारंवार पडते म्हणून आपण बत्तीसची बसवतो, नाहीतर फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळतो. हे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याला मारून चोराला वाट मोकळी करून देणं! ती पडते तेव्हा भार कमी करा, नाहीतर वायर बदला. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी यांतही काटकसर नको. ओल्या हातानं त्या शेगडीपाशी उभी राहणारी आपली आई असते, बायको असते, लेक असते.

वायरीत वाचवलेले पैसे फार तर एका बाजाराचे. त्यासाठी घर पणाला लावायचं?

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. शेगडी अर्धा तास चालल्यावर बटण बंद करा आणि पिनेच्या प्लॅस्टिकला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर दुसऱ्या दिवशी ती शेगडी लावू नका. आधी वायरमनला बोलवा. आणि घरातल्या बाईनं "वास येतोय" म्हटलं, तर वाद न घालता मेन स्विच पाडा.