हजेरी

(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



"तू काय काम करतोस ते सांग, पण पाच मिनिटांत," असे संयोजकांनी बजावले आहे. शाळेत फळ्यासमोर उभा राहिलो की मला घाम फुटायचा. आजही फुटला आहे, सांभाळून घ्या.

मी क्षयरोगाच्या कामात उपचार पर्यवेक्षक आहे. रुग्णाच्या गोळ्या सुरू करायच्या आणि त्या पूर्ण होईपर्यंत त्याच्या मागे लागायचे, हे माझे काम. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पण दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि माणसाला वाटते, झालो बरा! गोळ्या सुटतात. मग उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या लेकरांपर्यंत पोचतात.

पूर्वी आठवड्यातून तीन दिवस, कार्यकर्त्यासमोर गोळी घ्यायची पद्धत होती. २०१७ मध्ये देशभर रोजची गोळी आली. रोज प्रत्येकाच्या घरी कोण जाणार? त्यासाठी '९९ डॉट्स' नावाची युक्ती आली. तिचा जन्म बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधला. गोळ्यांच्या पाकिटाला एक कागदी वेष्टन असते. गोळी दाबून बाहेर काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो. आज कोणता नंबर निघेल ते आधी कळत नाही. त्या नंबरवर साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा. पैसे लागत नाहीत, अक्षरओळखही फारशी लागत नाही. फोन आला की माझ्या पडद्यावर त्या दिवसाचा चौकोन हिरवा, नाही आला तर लाल.

मला फार आवडली ही युक्ती. गाडीचे पेट्रोल वाचले, वेळ वाचला. आणि तिथेच मी चुकलो.

आपल्या भिंगारमधलेच दोन रुग्ण होते. नाव-गल्ली सांगणार नाही. एका मावशींची सगळी रांग लाल. मी तणतणत घरी गेलो. "मावशी, गोळ्या का सोडल्या?" त्यांनी फळीवरचा डबा काढून माझ्यासमोर उपडा केला. रिकाम्या पाकिटांची चळत! म्हणाल्या, "फोन पोराकडं असतो रं, तो जातो एमआयडीसीत. गोळी कुठं सोडली मी?"

दुसरे एक आजोबा. त्यांची रांग हिरवीगार, एक दिवस चुकलेला नाही. म्हणून दोन महिने मी त्यांच्या उंबऱ्यावर गेलोच नाही. दोन महिन्यांनी थुंकी तपासली तर जंतू तसेच. घरी गेलो, शेजारी बसलो, तेव्हा हळूच बोलले, "बाळा, उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं. फोन नाही केला तर तू येशील, म्हणून फोन करत होतो." गोळ्या मोरीत जात होत्या. आजोबा पुढे बरे झाले, पण तोवर त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाला टीबी झाला होता. आज तो पोरगा ठणठणीत आहे. तरी त्याच्या त्या सहा महिन्यांचा हिशेब माझ्याच खात्यावर आहे.

त्या रात्री मला आपला वर्ग आठवला. गैरहजर मित्रासाठी मागच्या बाकावरून आपणच "हजर" म्हणायचो ना? पण बाई हजेरीच्या वहीतून मान वर करून चेहरा बघायच्या, आणि चोरी पकडली जायची. माझ्याकडे वही त्यांच्यापेक्षा भारी होती. मान वर करायचे मी विसरलो होतो.

हे शहाणपण आपल्याच जिल्ह्यात जुने आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवून तयार केले. कोण खोकतेय, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे त्या बायांना मोबाइलशिवाय कळत होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणून मोबाइल फेकून द्या, असे मी म्हणत नाही. लाल चौकोन दिसला की मी आजही निघतो. आता हिरवा दिसला तरी पंधरवड्यातून एकदा जातो, आणि आधी विचारतो, "जेवलात का?" कारण हा आजार भुकेचा सोबती आहे. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना शिधा देऊन पाहिला. त्या घरांत नव्या टीबीचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पोषणासाठी सरकार रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० देते. तेवढ्यात घर भागत नाही.

म्हणून दोन मागण्या करतो. २०२२ पासून 'निक्षय मित्र' योजना आहे. कोणीही व्यक्ती किंवा गट रुग्णाला सहा महिने शिधा देऊ शकतो. आपल्या बॅचने भिंगारचे पाच रुग्ण घ्यावेत. स्नेहभोजनाच्या खर्चातून उरले तर तिथूनच सुरुवात करू! आणि दुसरी: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर लाजू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.

बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. मान वर करून बघायला तुम्ही शिकवलेत. उशिरा का होईना, धडा पाठ झाला.