सूर्याचं वस्तुमान न विचारता



न्यूटन, सफरचंद, 1687चा ‘प्रिन्सिपिया’ हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. आपला ग्रह सूर्याकडे किती त्वरणानं ओढला जातो, हे काढायला सूर्याचं वस्तुमान लागत नाही. अंतर आणि एका फेरीचा काळ, एवढं पुरे. आपली मुलं मात्र पहिल्या दिवसापासून गुरुत्व स्थिरांक ‘जी’ आणि सूर्याचं वस्तुमान ‘एम’ घोकतात, आणि दहाचे घात सांभाळता सांभाळता ग्रह बाजूलाच राहतो.

चला, तोंडी हिशेब करू. सूर्य 15 कोटी किलोमीटरांवर. म्हणजे फेरीची वाट सुमारे 94 कोटी किलोमीटर. वर्षाचे सेकंद 3 कोटी 15 लाख. भागा: वेग सेकंदाला 30 किलोमीटर. आता त्वरण, म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतर. 30 हजारांचा वर्ग 90 कोटी. त्याला 15 हजार कोटी मीटरांनी भागलं की 0.006. सेकंदाला वेगात 6 मिलिमीटरांचा फरक, बस्स! इथे जमिनीवर तो 9.8 मीटर आहे. पृथ्वी एका सेकंदात 30 किलोमीटर पुढे जाते आणि सरळ रेषेपासून सूर्याकडे ढळते 3 मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही कमी. पण ही ओढ क्षणभरही थांबत नाही, म्हणून वर्षात फेरी पुरी होते.

मागून प्रश्न आला, हे 15 कोटी आणले कुठून? रास्त आहे. केप्लरनं ग्रहांच्या अंतरांची प्रमाणं दिली, कोस-मैल नव्हे. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना, म्हणजे अधिक्रमणाच्या वेळी, दूरदूरच्या ठिकाणांहून पाहा म्हणजे खरं अंतर कळेल, असं हॅलीनं सुचवलं. त्यासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गिय्योम ल जांती फ्रान्सहून पाँडिचेरीला निघाला. वाटेत कळलं, शहर इंग्रजांनी घेतलंय. 6 जून 1761ला, अधिक्रमणाच्या दिवशी, आकाश निरभ्र आणि हा हलत्या जहाजावर. ते निरीक्षण कामाचं नव्हतं. पुढचं अधिक्रमण 1769चं. गडी परत गेलाच नाही! आठ वर्षं हिंदी महासागराच्या टापूत राहिला, पाँडिचेरी फ्रेंचांकडे परतल्यावर तिथे वेधशाळा उभारली. आणि 4 जूनच्या सकाळी ढग. 1771मध्ये घरी पोहोचला तर वारस त्याला मृत समजून मालमत्ता वाटून घेण्याच्या खटपटीत! (हशा) हसू नका. इतरांच्या वेधांतून आलेलं अंतर आजच्या आकड्याच्या जवळ होतं, आणि त्यासाठी माणसांनी असं आयुष्य ओतलंय. आपण तो आकडा भागाकारातसुद्धा वापरू नये?

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं द्या, खरी गंमत राहिलीय. गुरू घ्या. अंतर 78 कोटी किलोमीटर, वेग सेकंदाला 13 किलोमीटर. वर्ग करा, भागा: 0.00022. पृथ्वीच्या सत्ताविसावा भाग. आणि गुरूचं अंतर आपल्या 5.2 पट, 5.2चा वर्ग 27! व्यस्त वर्गाचा नियम तुमच्याच भागाकारातून निघाला. यात सूर्याचं वस्तुमान कुठे आलं?

पहिल्या रांगेतले प्राध्यापक मान हलवताहेत. सर, तुमचा मुद्दा ओळखला. 1995मध्ये सापडलेला ‘51 पेगासी बी’ हा दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह सव्वाचार दिवसांत फेरी घालतो, त्याचं त्वरण सव्वादोन मीटरांच्या आसपास येतं, आणि तिथे अंतर काढायलाच ताऱ्याचं वस्तुमान लागतं. मान्य. पण माझा आग्रह आपल्या सूर्यमालेपुरता आहे, आणि शिकणाऱ्यानं सुरुवात घरापासूनच करावी. सूर्याचं वस्तुमान शेवटी याच त्वरणातून काढतात. मग ते मुलांना आधी का पाठ करायला लावायचं?

वेळ संपली. शिक्षकांना आणि पालकांना विनंती: आज घरी मुलांना शनी द्या. अंतर पृथ्वीच्या साडेनऊपट, फेरी साडेएकोणतीस वर्षांची. त्वरण पृथ्वीच्या सुमारे नव्वदाव्या भागाइतकं आलं पाहिजे. सूत्र उद्या सांगा. आज भागाकार त्यांना करू द्या.