पोरके पिलू आणि आपण

विदर्भाच्या वैशाखात घरट्यातून पडलेले साळुंकीचे पिलू दिसले, की आपण कळवळून त्याच्या चोचीत पाणी ओततो. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. पाणी फुप्फुसात शिरले, की पिलू आपल्या दयेनेच मरते. पिसे फुटून उड्या मारणारे पिलू बहुधा पोरके नसतेच. त्याला झुडपाच्या सावलीत ठेवून आपण दूर व्हावे. उघडेबोडके असेल, तर घरट्यात परत ठेवावे; माणसाच्या स्पर्शामुळे आई त्याला टाकीत नाही. आईबाप उरलेच नसतील, तर भोके पाडलेल्या खोक्यात, सावलीला ठेवून वनखात्याकडे न्यावे. १९७२ च्या कायद्यानुसार ते घरी पाळता येत नाही. कामगार चळवळीत आम्ही हेच शिकलो : दुबळ्याला भीक घालू नये, त्याचे त्याला परत मिळवून द्यावे.