रिपोर्टातली पुढची ओळ



मी डॉक्टर नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण आमच्या मोहल्ल्यात कुणाकडे इंग्रजी कागद आला, की तो वाचायला माझ्याकडे येतो. त्यात दवाखान्याचे रिपोर्टही असतात. आज अशाच एका रिपोर्टाविषयी बोलणार आहे.

आपल्याकडे सुपारीला मोठा मान. लग्न ठरलं की सुपारी फुटते, पूजेला सुपारी लागते, आमच्या मुशायऱ्यात पानदान फिरतं. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी मावा, खर्रा सुटलेला नाही. तंबाखू नसला की नुसती सुपारी निर्धोक, असा समजही घरोघर आहे. तो खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

शेजारचा एक मुलगा रिक्षा चालवतो. गालात कायम सुपारी. पंचविशीतच तिखट लागलं की तोंडाची आग होऊ लागली. दावतीत बिर्याणीचा घास तोंडात जाईना. जबड्यात दोन बोटंही जेमतेम मावत. डॉक्टरांनी पाहिलं, गाल आतून पांढुरके, ताठ झालेले. या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात. १९५२ साली केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो आढळल्याची नोंद झाली; १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी भारतातले रुग्ण नोंदवले. सुपारीतल्या अरेकोलिनसारख्या द्रव्यांमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात आणि तोंड आवळत जातं.

मुलाच्या गालावर एक पांढरा चट्टाही होता, पुसून न जाणारा. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून तपासू. त्याची आई घाबरली. “भाईजान, चाकू लागला की पसरतं म्हणतात.” या समजुतीला आधार नाही, हे डॉक्टरांनी तिला शांतपणे सांगितलं, तेव्हा ती तयार झाली.

तो तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात आणि मिलिमीटरच्या हजारातल्या चार-पाच भागांइतके पातळ काप घेतात. त्यांना रंग दिला, की पेशींची केंद्रकं निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. निरोगी अस्तरात पेशी थराथरानं नीट रचलेल्या असतात. बिघाड सुरू झाला, की आकार बदलतात, केंद्रकं मोठी होतात, रचना विस्कटते. याला ‘डिसप्लेशिया’ म्हणतात. सौम्य, मध्यम, तीव्र. अस्तराच्या तळाशी एक पातळ पडदा असतो. बिघडलेल्या पेशी तो भेदून खाली उतरल्या, की त्याला पसरू शकणारा कॅन्सर म्हणायचं.

रिपोर्ट घेऊन मुलगा माझ्याकडे आला.

“चाचा, कॅन्सर लिहिलंय का?”

“नाही.”

“मग सुटलो!”

“थांब बेटा, पुढची ओळ ऐक.”

पुढे लिहिलं होतं, मध्यम डिसप्लेशिया. पडदा शाबूत होता. असे सगळेच चट्टे कॅन्सर होत नाहीत. पण कोणता होईल, हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी चट्टा काढून टाकला, सुपारी बंद करायला लावली, तोंड उघडण्याचे व्यायाम दिले. आता बोटभर अधिक उघडतं. पूर्वीसारखं होणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तरी तो तपासणी चुकवत नाही.

श्रोतेहो, आरशासमोर उजेडात तोंड उघडून पाहा. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, किंवा तीन बोटं न मावणारं तोंड, यांपैकी काहीही दिसलं तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीला बहुधा दुखत नाही. आणि रिपोर्टात ‘कॅन्सर नाही’ असं आलं, तरी तो डॉक्टरांकडून शेवटच्या ओळीपर्यंत समजून घ्या. कॅन्सर होण्याआधी हाती असलेला वेळ त्याच ओळीत लिहिलेला असतो.