नाक राखणारा अनामिक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. कलाशाखेचा पदवीधर असून गेली तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली सांभाळीत आलो आहे. कान, नाक, घसा या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला एकाच कारणाने प्राप्त झाला आहे, आणि ते कारण माझ्या कपाळावर आहे. भुवईच्या आतल्या टोकापासून केसांपर्यंत गेलेली ही उभी रेघ गेले वर्षभर या सभागृहात आपण सर्वांनी पाहिली. कोणी विचारले नाही. भगिनीवर्गाने माझ्या पत्नीकडे चौकशी केली असावी. पुरुषमंडळींनी मात्र माझ्याशी बोलताना विषय हवापाण्यावर आणि शहरातल्या रहदारीवर नेला. त्या सौजन्याबद्दल आभार मानून आज मीच ते सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नाकाच्या डाव्या बाजूस, चष्मा टेकतो त्याच्या थोडे खाली, मसुराच्या दाण्याएवढा फोड आला. खपली धरायची, गळायची, थोडे रक्त यायचे, पुन्हा खपली. दुखत नव्हता, आणि जे दुखत नाही ते गंभीर नाही, असे आपले एक घरगुती वैद्यक असते. मी चष्म्याची चौकट दोनदा बदलली. सांगलीहून आईने सुचवल्याप्रमाणे हळद लावली. एका डॉक्टरांनी मलम दिले, तेही तीन महिने इमानाने लावले. असे आठ महिने गेले. अखेर सर्दीसाठी म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो, तर त्यांनी सर्दी बाजूला ठेवली आणि भिंगातून त्या फोडाकडेच पाहत राहिले. कडा मोत्यासारखी चकचकीत, तिच्यावर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे, मध्ये खळगा. जागा बधिर करून त्यांनी कणभर तुकडा काढला व तपासणीस पाठवला. अहवाल आला तो बेसल सेल कार्सिनोमाचा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचा. हा रोग शरीरात दूरवर क्वचितच पसरतो; पण जागच्या जागी उंदरासारखा कुरतडत जातो. उन्हाशी त्याचा निकटचा संबंध आहे. सावळ्या कातडीत तो गोऱ्या कातडीपेक्षा कमी आढळतो, आणि कदाचित म्हणूनच आपल्याकडे त्याचा संशय उशिरा येतो. चेहऱ्यावरची जखम महिनाभरात भरली नाही तर तज्ज्ञाला दाखवा, एवढी एक विनंती करून पुढे जातो.

फोड काढला. कडांमध्ये रोग उरला नाही याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झाली. परंतु नाकावर जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढा खड्डा पडला. तो कपाळाच्या कातडीने झाकावा लागेल, असे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले आणि माझा उतरलेला चेहरा पाहून ते म्हणाले, "घाबरता कशाला? ही पद्धत तुमच्या पुण्याचीच आहे." डॉक्टर कन्नड भाषक. पुण्याच्या या उपकाराची माहिती मला बंगळुरात एका कन्नडिगाकडून मिळाली, ही गोष्ट मी लपवून ठेवीत नाही.

बरे झाल्यावर मी त्याविषयी मिळेल ते वाचून काढले. ही कथा सुरू होते ती आपल्या दारातच. मार्च 1791 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला टिपू सुलतानाकडून घेतला आणि तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला. दाणागोटा संपल्याने त्याला मे महिन्यात माघार घ्यावी लागली. माणसे आणि बैल उपासमारीने मरत होते. त्या वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा तेथे येऊन पोचल्या आणि त्यांच्या बाजारातल्या धान्यावर इंग्रजांची फौज तगली. पुढल्या वर्षी, 1792 साली, श्रीरंगपट्टणाचा तह झाला.

त्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. नाव कानाला पारशी वाटते. परंतु त्याची हकीकत ज्या पत्रात छापली गेली ते पत्र त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणते. तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. नाक कापण्याची शिक्षा एकट्या टिपूची नव्हे. त्या काळी ती पुष्कळ ठिकाणी चालत असे. आपल्या भाषेत नाक कापले जाणे आणि नाक राखणे हे वाक्प्रचार झाले, ते उगीच नव्हेत. कावसजी तशा स्थितीत श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. कंपनी सरकारने त्याला पेन्शन दिले. (हयातीचा दाखला देताना त्याची ओळख कशी पटवली असेल, हा प्रश्न माझ्यासारख्या सरकारी माणसाला पडल्याशिवाय राहत नाही.)

वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. नंतर पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. हा माणूस वैद्य नव्हता, पंडित नव्हता. पत्र त्याला विटा पाडणाऱ्या जातीचा म्हणते. म्हणजे बहुधा कुंभार. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली.

त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घडवायचा. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. त्या रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. सारी युक्ती या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त वाहत राहते आणि सोडवलेली कातडी जिवंत राहते. पुढे खुंटाची जुनी वळलेली कड कापून ताजी करायची, कपाळाची कातडी खाली उतरवायची आणि उतरवताना तिला अर्धा पीळ द्यायचा. पीळ न देता नुसती दुमडली तर आतली बाजू बाहेर येईल. पीळ फार बसला तर रक्त अडेल. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकीवर एक चिकटवायच्या. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही, नंतर तुपात भिजवलेली कापडे ठेवायची. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या, कारण भरणारी जखम आकसते आणि वाट बुजते. सुमारे पंचविसाव्या दिवशी, खालच्या मांसातून नवा रक्तपुरवठा रुजल्यावर, ती पट्टी कापायची. आणि हे सारे भूल देण्याचे शास्त्र जन्माला येण्याच्या पन्नास वर्षे आधीचे.

आता माझ्या नाकाचे ऐका. आमच्या डॉक्टरांनी मेणाऐवजी टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चकचकीत कागद कापून साचा केला. जोडपट्टी भुवईच्या आतल्या टोकाशी ठेवली, कारण तेथून एक धमनी वर कपाळात जाते. पट्टी कापली ती तीन आठवड्यांनी. सव्वादोनशे वर्षांत कातेची जागा टाक्यांनी घेतली, भूल आली, जंतुनाशके आली. हिशेब मात्र जवळजवळ तोच राहिला.

ते तीन आठवडे मी घराबाहेर पडलो नाही. भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा एक दोर लोंबत होता. आरशात पाहवत नसे. कार्यालयात रजेचा अर्ज दिला, त्यात "किरकोळ शस्त्रक्रिया" असे लिहिले. मंडळाचा गणेशोत्सव चुकवला आणि परगावी आहे असे कळवले. त्याबद्दल आज क्षमा मागतो. आईशी रोज फोनवर बोलत असे, पण चित्र बंद करून. चौथ्या आठवड्यात चित्र चालू केले. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "कपाळावर काय लागलं रे तुला?" मी दारावर आपटलो म्हणून सांगितले. तिने ऐकून घेतले. "आणि नाक कुणी शिवलं?" एवढेच तिने विचारले.

कावसजीच्या नाकाची हकीकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले होते. विल्यम नटर याने ते कोरून छापले. ते वृत्त जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाच्या वाचनात आले. त्याने आधी प्रेतांवर सराव केला, 23 ऑक्टोबर 1814 रोजी लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली आणि 1816 साली त्यावर ग्रंथ लिहिला. तेथून ती युरोपभर गेली आणि 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखली जाऊ लागली.

अशा वेळी सुश्रुताचे नाव घेऊन टाळ्या मिळवण्याचा आपला प्रघात आहे. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचा विधी आहे, यात शंका नाही. झाडाच्या पानाने माप घ्यावे आणि नाकपुड्यांसाठी नळ्या बसवाव्यात असे तेथे सांगितले आहे. परंतु तेथे कातडी गालाची घेतली आहे, कपाळाची नव्हे. पुण्याजवळच्या त्या माणसाने ती कोणाकडून शिकली, गालावरून कपाळावर जाण्याची बुद्धी कोणाची, हे संहितेच्या आधारे ठरवता येत नाही. मला विचाराल तर त्याच्या हाताचे श्रेय ग्रंथाला देण्याची घाई करू नये.

एक गोष्ट मात्र मनात सलते. या प्रकरणाच्या कागदांत रुग्णाचे नाव आहे, साक्षीदारांची नावे आहेत, चित्रकाराचे, कोरणाऱ्याचे, लंडनच्या डॉक्टरचेही नाव आहे. ज्याने नाक बसवले त्याचे नाव नाही. आमच्या कार्यालयात कारवाई करणाऱ्याची सही नसेल तर फाईल परत येते. ही फाईल साऱ्या जगभर फिरली. परत कोणी पाठवली नाही. ते नाव इंग्रजांनी विचारले नाही हे खरे. पण पुण्यात ते ठाऊक असणारे लोक असणारच, आणि त्यांच्यापैकीही कोणाला ते लिहून ठेवावेसे वाटले नाही. वीटवाल्याचे नाव कोण लिहिणार?

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा आमच्या डॉक्टरांना ही सारी हकीकत सांगितली. ते भिंगातून कडा पाहत होते. "नाव काय त्यांचे?" असे त्यांनीही विचारले. मी नाही म्हणून मान हलवली, तर म्हणाले, "मान हलवू नका, मला नाक पाहू द्या."

नाक ठीक आहे. चष्मा तिसऱ्यांदा बदलला आहे. चहाच्या वेळी कोणाला व्रण जवळून पाहायचा असल्यास संकोच करू नये. मी तेथे खिडकीपाशी उजेडात उभा राहीन.