विलायत लांब, हमालवाडा जवळ
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास जिनिंगच्या फाटकापाशी संपतो. गाठ पुढे जाते, आपण रिकामी गाडी घेऊन माघारी येतो. आपला कापूस मात्र केव्हाच विलायतेला जाऊन आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडचा माल लँकेशायरच्या गिरण्यांत गेला. पिकवणाऱ्याने आणि विणणाऱ्याने एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

ते पाहायला गांधीजी गेले. १९३१ साली ते गोलमेज परिषदेसाठी विलायतेत होते. इथे विदेशी कापडावर बहिष्कार, तिकडे लँकेशायरात गिरण्या बंद. जगभर मंदी होती, जपानी कापडाची चढाओढ होती. पण मजुराच्या पोटावर पाय पडला त्यात बहिष्काराचाही वाटा होता. दुसरा कोणी तिकडे फिरकला नसता. गांधीजी सप्टेंबरअखेर डार्वेन गावी गेले, स्प्रिंग व्हेल वस्तीत मुक्कामाला राहिले.

बेकार मजुरांचं त्यांनी ऐकून घेतलं. तुमच्या हालांचं दुःख वाटतं, म्हणाले. बहिष्कार मागे घेतो असं खोटं आश्वासन मात्र दिलं नाही. हिशेब मांडला : तुमच्यात ३० लाख बेकार, आमच्यात ३० कोटींना वर्षातले सहा महिने काम नाही. सगळ्यांना पटलं असेल असं नाही. पण गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती जमून आनंदाने ओरडत होत्या, तो फोटो आजही पाहायला मिळतो.

आता आपलं बघू. भावासाठी आपण बाजार समितीचं आवार बंद पाडतो. मागणी रास्तच आहे. पण त्या दिवशी हमालाची मजुरी बुडते, जिनिंगमधल्या बाईची चूल पेटत नाही. त्यांच्या वस्तीत जाऊन आपण कधी बसलो? नाही बसलो. ते शिव्या देतात, आणि आपण त्यांना व्यापाऱ्याची माणसं ठरवून मोकळे होतो. विलायत हजारो मैल. हमालवाडा कोसभरही नाही.

म्हणून पुढचं आवार बंद करण्याआधी प्रत्येक तालुक्यातून पाच जणांनी तिथे जायचं. मागणी तसूभरही कमी करायची नाही. क्विंटलमागे खर्च किती, हाती किती, हा हिशेब सोबत न्यायचा. पण आधी त्यांचं ऐकायचं, मग आपलं सांगायचं.

कोण कोण येणार? हात वर करा.